आतोबा, खडू आणि संत्र्याचा फेस

माझ्या आतोबांनी तपासून पास केल्याशिवाय आमच्या घरात काहीही आत येऊ शकत नाही, हवासुद्धा. कोणाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर त्यांनी सकाळी साडेसहाला आमच्या गच्चीवर यावं. आतोबा कठड्यावरून बोट फिरवतात, बोटाला लागलेली काळी धूळ उजेडात धरून पाहतात, आज वारा सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून आहे की उरल्याच्या, ते सांगतात आणि मग "रिजेक्ट" असा शेरा देऊन चहा प्यायला खाली येतात. रिजेक्ट झालेल्या हवेचं पुढे काय करायचं, हे आमच्यासारख्यांनी पाहायचं. मी त्यावर पत्रकं काढते, चौकात उभी राहून ती वाटते, घसा बसवून घेते. आतोबांचं काम शेऱ्यापाशी संपतं.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वडिलांची रेल्वेतली बदली बिलासपूरला झाली तेव्हापासून मी रायपुरात या दोघांच्याच घरी राहते, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते ऐकीव नाही, सोसलेलं आहे. उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये आतोबांनी उभी हयात सळया वाकवण्यात घालवली. भट्टीतून आलेल्या मालातून सळई उचलायची, यंत्रात घालून वाकवायची, बाकावर भिंगातून पाहायचं. तडा गेला की खडूने 'रि', नाही गेला तर 'पास'. निवृत्त झाले तेव्हा मिलने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. आतोबांनी ते दोन दिवस तपासलं आणि तिसऱ्या दिवशी, मागे पडतं म्हणून, मिलच्या गेटवर परत नेऊन दिलं. खडू मात्र परत केला नाही. तो अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो आणि घरातल्या, शेजारच्या, लग्नाकार्यातल्या कुठल्याही वस्तूवर कधीही चालतो. टरबुजावर चालतो, चपलेच्या तळव्यावर चालतो, पाहुण्यांच्या छत्रीवर चालतो. आमच्या नात्यातल्या एका लग्नात त्यांनी मांडवामागे जाऊन फुलकोबीच्या ढिगावर खूण केली होती, आणि आचाऱ्याने ती कोणाच्यातरी नवसाची समजून तेवढे गड्डे बाजूला ठेवून दिले होते.

मला पाहायला एकदा एक मुलगा आला होता. मला न विचारता त्याला बोलावलं होतं, याचा निषेध मी तेव्हाही केला होता आणि इथेही नोंदवते. पण त्या मुलाचं जे झालं त्याबद्दल माझ्या मनात आजही सहानुभूती आहे. आतोबांनी त्याला एकच प्रश्न तीन वेळा, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. आधी, "नोकरी कशी चालू हाय?" मग चहा झाल्यावर, "साहेब लोक कसे हायेत?" मग तो बूट घालत असताना अचानक, "सोडून राहिले काय मग नोकरी?" तिसऱ्या वेळी बिचारा चाचरला. तो फाटकातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर पांढरा 'रि' होता. पाठ थोपटताना काढला होता. आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, तो माणूस होता. सळई नोती." आतोबा म्हणाले, "म्हणून तर वाकवला नाही."

माझी पत्रकंही या खडूतून सुटलेली नाहीत. गेल्या वर्षी मी तळ्यांवर एक पत्रक लिहिलं होतं. तेलीबांध्याच्या मोठ्या तळ्याच्या काठाला दिव्यांच्या माळा लागल्या, पण पाऱ्यापाऱ्यांतली, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यांतली, लहान तळी बुजत चालली, त्यावर. अत्यंत जळजळीत. छापखान्यात टाकण्याआधी आतोबांना वाचायला दिलं, आणि ते माझ्याकडे परत आलं ते कोपऱ्यात "कागद पास, मजकुरात तडा" असा शेरा घेऊन. मी भांडायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "एका वाक्यात तीनदा धिक्कार लिवला तू. पहिल्या धिक्काराले सळई गरम होते, दुसऱ्याले वाकते, तिसऱ्याले तुटते." मी एकही धिक्कार काढला नाही. पण खरं सांगायचं तर त्या पत्रकाचं काही झालंही नाही.

त्यांच्या तपासणीचे दोन नियम आहेत आणि ते इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. पहिला नियम, एका नमुन्यावर कधीच पास द्यायचा नाही, तीन पाहिजेत. दुसरा नियम चोर नमुन्याचा. मिलमध्ये चांगल्या सळयांच्या गठ्ठ्यात ते स्वतः एक मुद्दाम खराब सळई सरकवून ठेवायचे. तपासणाऱ्याने ती पकडली तर तो जागा आहे. तिलाही पास म्हणाला तर तो झोपला आहे किंवा साहेबाचं तोंड पाहून बोलतो आहे, आणि त्याचा सगळा गठ्ठा बाद. "चोर पास झाला की घर पडते," हे त्यांचं मिलमधलं वाक्य. त्यांच्या अख्ख्या नोकरीत चोर नमुना एकदाही पास झालेला नाही, आणि हे ते इतक्या वेळा सांगतात की आमच्या शेजारच्या छत्तीसगढी दीदींना ते मराठीत पाठ आहे.

तर आत्याचं नाक. दोन वर्षांपूर्वी आत्याला मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. नाक जागेवर आहे, नथ घातली तर शोभतंही, पण हिंग आणि गुलाब त्याला सारखेच. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही, रोज निरनिराळे वास हुंगत राहा. आत्या म्हणाली, "माहं काय अडलं आहे? नाल्याच्या बाजूनं सुखानं जातो मी आता." पण काटोलच्या बाजूला माझ्या आजोबांची संत्र्याची बाग आहे, आत्या त्या बागेत वाढलेली, आणि दर हिवाळ्यात तिथून तिच्यासाठी संत्र्यांची एक पेटी येते. पूर्वी पेटी आली की ती आधी फळी उचकटून आत तोंड घालायची. तसंच उभं राहायची, वाकून, डोळे मिटून. मग संत्री बाहेर यायची. ताप येऊन गेल्यापासून पेटी मी उघडते. आत्या म्हणते, "उघड तूच, माहे हात भरले आहेत," आणि हात कोरडे असतात.

आतोबांना हे दिसत होतं. तापानंतरची पहिली पेटी मी उघडली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातला स्वयंपाकघरात तपासणी सुरू झाली. आत्याच्या डोळ्यांवर नॅपकिन, समोर तीन वाट्या. एकीत कापूर, एकीत कॉफी, आणि तिसरी चोर वाटी, तिच्यात माठातलं साधं पाणी. वाट्या भरायचं काम माझं. आतोबा एकेक वाटी नाकाखाली धरणार, विचारणार, "येते?" आत्या म्हणणार, "नाही." ते वहीत लिहिणार, नाही. कापराला नाही, कॉफीला नाही, पाण्याला नाही. तपासणारी इतकी प्रामाणिक की तिच्यावर कसला संशय घ्यायचा? दोन वर्षांत वह्या भरल्या. शेवटच्या वहीत तो 'नाही' इतका बारीक लिहिलेला आहे की वाचायला भिंग लागेल; जणू लहान लिहिला तर कमी लागेल.

आणि मग या मे महिन्यात ती बाटली आली. माझी आतेबहीण बंगळुरात असते. तिने आईसाठी पार्सल पाठवलं. त्यात नारिंगी रंगाच्या घट्ट द्रवाची बाटली. वर चित्र एका पांढऱ्या टबाचं, टबात फेस, फेसात डोळे मिटून पहुडलेली एक बाई आणि तिच्या भोवती तरंगणाऱ्या संत्र्याच्या चकत्या. वाहत्या पाण्यात एक झाकण ओता, आडवे व्हा, संत्र्याच्या बागेत हरवून जा, असा इंग्रजीत मजकूर. आतोबांनी फोन लावला. आतेबहिणीला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीतच येतं.

"हे कशात टाकाचं वं?"

"पापा, टब में डालते हैं."

"आपल्याकडे टब कुठं आहे?"

"तो बाल्टी में डाल लो ना! एक ढक्कन बस."

मी तेव्हा बाजूलाच उभी होते, आणि माझं रक्त उकळत होतं. डांबर चपलेला चिकटण्याचे दिवस. नळ सकाळी येतो, खोकतो आणि जातो. टँकर आला की आमच्या पाऱ्यात भांडी आधी धावतात, माणसं मागून. मी दारोदार 'एक माणूस, एक बादली' हे पत्रक वाटत हिंडत होते, आणि माझ्याच घरात टबभर पाण्यात पडून संत्र्याच्या बागेत हरवून जाण्याचं निमंत्रण आलं होतं! मी बोलले. चांगला पाऊण तास बोलले. पाणी कोणाचं, असं विचारलं. ज्यांच्या घरी नळच नाही त्यांनी हा फेस काय डोळ्यांनी प्यायचा, असं विचारलं. बाटलीवरच्या बाईला सुद्धा सोडलं नाही. आतोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं भाषण? काहून इतकी भडकून राहिली तू? मी काय तळं मागून राहिलो?" ते म्हणाले. "मले त्या टबात झोपाचं नाही. मले इतकंच पाहाचं आहे, का ह्याचा वास तुह्या आत्याच्या नाकापर्यंत पोचते का नाही."

यावर पत्रकात काय लिहायचं असतं, ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी इतकंच म्हटलं, की एका बादलीच्या वर पाणी गेलं तर मी याच दारासमोर धरणं धरीन.

"पास," आतोबा म्हणाले.

पहिली तपासणी बादलीत झाली. माल आधी स्वतःवर तपासायचा, हा त्यांचा तिसरा नियम असावा, कारण आत्याला त्यांनी न्हाणीघराबाहेर वही देऊन बसवलं आणि स्वतः आत गेले. आमचं न्हाणीघर इतकं आहे की साबण पडला तर उचलायला बाहेर यावं लागतं. वाहतं पाणी नव्हतं, म्हणून त्यांनी ताक घुसळायची रवी आत नेली होती. बराच वेळ घुसळल्याचा आवाज आला. मग आतून निवेदन सुरू झालं. "लिव. फेस आला. बादलीच्या वर चार बोटं... लिव. डावा पाय घातला. उजवा पाय बसत नाही... आता चित्रातल्या बाईसारका मागं टेकून पाहतो." मग धप्प. आत्या घाबरून उठली, "अवो, काय झालं?" आतून आवाज आला, "लिव. टेकाले मागं काही नाही."

बाहेर आले तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत संत्र्याच्या गोळीसारखे दरवळत होते, त्यात रवीला चिकटलेल्या जुन्या ताकाची एक आंबूस छटा. मला वास वीस पावलांवरून येत होता. आत्याने त्यांचा दंड नाकाशी धरला, एकदा, दोनदा. आतोबा तिच्या तोंडाकडे पाहत होते, केसांतून पाणी गळत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

"नाही वो," आत्या म्हणाली.

त्यांनी वही घेतली. पण या वेळी 'नाही' लिहिलं नाही. पेन्सिल कानामागे अडकवून दोन दिवस विचार केला आणि मग जेवताना जाहीर केलं, "मालात खोट नाही. वासाले दाब नोता."

दाब म्हणजे काय हे मला रविवारी कळलं. रविवारी चार वाजता मी आमच्या घरच्या पुढच्या खोलीत पाऱ्यातल्या बायकांची पाणीबचतीची बैठक ठेवली होती. महिनाभर पायऱ्या झिजवून बारा जणी कबूल झाल्या होत्या, त्याही एका अटीवर, की कूलर चालू पाहिजे. आमचा कूलर जुना, लोखंडी पत्र्याचा, खिडकीला बाहेरून लावलेला. खाली टाकी, त्यात पंप, पंपाने चढलेलं पाणी वाळ्याच्या ताट्यांवरून उतरणार आणि मधला पंखा ती गार हवा खोलीत फेकणार. सुरू झाला की मालगाडी आल्यासारखं वाटतं, पण हवा अशी देतो की समोर बसलेल्याच्या पदराला दगड ठेवावा लागतो. आतोबांच्या डोक्यात काय चाललं होतं, ते आता सगळ्यांच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र आलं नाही. उलट दुपारी ते माझं पत्रक उघडून एका ओळीवर बोट ठेवून मला म्हणाले, "हे बरं लिवलं तू, 'एकदा वापरलेलं पाणी पुन्हा कामास आणा.' पास." मी हुरळले. मोहिमेत पहिल्यांदा घरचा माणूस वळला, असं वाटलं.

बायका आल्या. दीदी सगळ्यांत पुढे, कूलरच्या तोंडाशी. आत्या स्वयंपाकघरात पन्हं करत होती. मी उभी राहिले, पत्रक समोर धरलं आणि सुरुवात केली, "बहनो, पानी की एक बूंद भी..." आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर एक बुडबुडा येऊन बसला.

मी तो पुसला. दुसरा आला. मग दहा आले, मग कूलरच्या जाळीतून पांढरा फेस जिलब्यांसारखा गोल गोल बाहेर पडू लागला आणि पंख्याच्या झोताने खोलीभर उधळला. एक गोळा दीदींच्या डोक्यावर बसला. "हाय ददा!" दीदी ओरडल्या, "कूलर ह बइहा गे हे का?" कूलरला वेड लागलं का, ही शंका अगदी रास्त होती. फेस भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेला, माझ्या फलकावर गेला, बायकांच्या मांडीवरच्या पत्रकांवर गेला. बैठकीतली एक आजी शांतपणे फेस हातात घेऊन फुंकत होती. बाकीच्या किंचाळत होत्या, घसरत होत्या, एकमेकींना धरून उठत होत्या. आणि या सगळ्यात, कूलर आणि खिडकीची चौकट यांच्या फटीत, बाहेरून आतोबांचा अर्धा चेहरा दिसला. हातात बाटली, अर्धी रिकामी; त्या दिवशीच्या अंघोळीचं जपून ठेवलेलं बादलीभर पाणी तर त्यांनी आधीच टाकीत ओतलं होतं. झाकणाचा हिशोब त्यांनी केव्हाच मागे टाकला होता.

"वास येऊन राहिला का?" ते मालगाडीच्या वरताण ओरडले. "ज्यांले येते त्यांनी हात वर करा! हाथ ऊपर!"

बाराच्या बारा हात वर गेले. माझी बैठक! महिनाभराची मेहनत! "आतोबा, बंद करा!" मी ओरडले. ते म्हणाले, "दोन मिनिटं थांब. इतकी नाकं पुन्हा एका जागी मिळाची नाहीत!"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आत्या आली. हातात पन्ह्याच्या पेल्यांचं ताट. एक भला मोठा लोंढा सरळ तिच्या अंगावर गेला आणि केसांवर, खांद्यावर, पन्ह्यावर बसला. आत्याने ताट खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, दीदींच्या डोक्याकडे पाहिलं, फटीतल्या त्या अर्ध्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आजारपणानंतर ती अशी हसलेली मी पाहिलीच नव्हती. हसता हसता तिने नाक वर केलं आणि म्हणाली, "अवो... येऊन राहिला. संत्र्याचा."

कूलर बंद झाला. आतोबा अंगणाला वळसा घालून धावत आले, दारात घसरले, उठले. कोणालाही वाटेल की आता ते नाचतील. पण ते आतोबा होते. धापा टाकत म्हणाले, "एका नमुन्यावर नाही. तीन पायजेत. पोरी, वाट्या भर."

बायका अंगणातल्या पिंपात साठवलेलं पाणी उपसून पाय धूत होत्या (पाणीबचतीच्या बैठकीची ही अखेर मी इथे नमूद करून ठेवते) आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात. आत्याच्या डोळ्यांवर नॅपकिन. मी वाट्या भरल्या. पहिल्या दोन वाट्यांत बाटलीतलं नारिंगी, तिसरीत माठातलं पाणी. नियम म्हणजे नियम.

पहिली वाटी. "येते?"

"येते ना. संत्रं."

आतोबांनी वाटी जपून खाली ठेवली. दुसरी. "ह्याच्यात?"

"संत्रंच वो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. तिसरी वाटी उचलायला हात गेला आणि मधेच थांबला. आता पुरे, असं त्यांना वाटलं असावं, मलाही वाटलं. दोन पुष्कळ झाले. पण उभ्या हयातीची सवय, हात पुढे गेलाच. "आणि ह्याच्यात?"

आत्याने लांब श्वास घेतला. छाती भरून. "ह्याच्यात तर सगळ्यात जास्त," ती म्हणाली. "पेटी उघडल्यावानी."

माठातून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. मी फटकळ. खोटं दिसलं की बोलायचं, समोर मंत्री असो की मुकादम, हे माझं शिक्षण. मी म्हटलं, "आत्या, पण त्यात तर..." आणि आतोबांची टाच माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडली. जोरात. ते माझ्याकडे बघत नव्हते. वाटीतल्या पाण्याकडे बघत होते.

"पास," ते म्हणाले.

मग त्यांनी वही उघडली, लिहिलं, आणि बाहेर जाऊन कूलरच्या पत्र्यावर खडूने एवढं मोठं 'पास' काढलं की रस्त्यावरून वाचता यावं. दीदींनी टाळ्या वाजवल्या. आत्या नॅपकिन सोडून त्याने केसांतला फेस पुसत बसली होती.

संध्याकाळी मी त्यांना गच्चीवर गाठलं. म्हटलं, "आतोबा, चोर नमुना पास केलात तुम्ही."

"हाव."

"मिलमध्ये असं केलं असतं कोणी तर?"

"हाकलला असता त्याले. पूल पडला असता उद्या." ते कठड्यावरून बोट फिरवत राहिले. धूळ पाहिली नाही. मग म्हणाले, "इथं आपण कोणता पूल बांधून राहिलो, पोरी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वाट्या निघाल्या नाहीत. वही ताटांच्या मागे गेली. माझ्या मोहिमेचं म्हणाल तर झाल्या प्रकाराने तिचं बरंच झालं, हे कबूल करायला मला आवडत नाही. त्या बारा जणींनी 'एक माणूस, एक बादली'वर हसत हसत सह्या केल्या आणि पुढच्या बैठकीला जास्त बायका आल्या, फेस आहे का विचारत. कूलरची टाकी मी तीन वेळा धुतली. त्या पाण्यावर अंगणातला पारिजात जगेल की मरेल याची मला काळजी होती, तो जगला.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. आमच्या पाऱ्यात पांढरं काही दिवसभर पांढरं राहत नाही. सकाळी वाळत घातलेली चादर संध्याकाळी राखाडी होते. पण कूलरवरचं ते 'पास' आठवड्यांमागून आठवडे तसंच, लख्ख. मला वाटायचं, आतोबा गिरवत असतील. त्यांचा शेरा, त्यांचा खडू. एकदा दुपारी ते बँकेत गेले असताना मी अंगणात आले, तर आत्या कूलरसमोर उकिडवी बसली होती. ओल्या फडक्याने आजूबाजूची धूळ पुसून झाली होती, आणि हातात खडूचा एक तुटका तुकडा घेऊन ती जीभ दातांत धरून, पहिलीतल्या पोरीसारखी, 'पा'चा काना गिरवत होती. मला पाहून थांबली नाही.

"काय पाहून राहिली?" ती म्हणाली. "जा, ते फडकं पिळून आण. अन् त्यांले सांगजो नको."

मी फडकं पिळून आणलं. सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि आतोबा माझं काही वाचायचं झालं तर धिक्कार शोधतात, तो यात सापडणार नाही.

या हिवाळ्यात काटोलहून पेटी आली. मी उलथणं घेऊन फळी उचकटायला बसले, तर आत्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं. फळी तिने उघडली. वाकली आणि आत तोंड घातलं, पूर्वीसारखं. आतोबा दारात उभे होते, खिशात हात, हातात खडू असणारच.

"येते?" त्यांनी विचारलं.

पेटीतून आवाज आला, "येते."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एकदाच विचारलं. खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि तिच्या शेजारी खाली बसून एक संत्रं सोलायला घेतलं. आत्याचं तोंड मात्र पेटीतून बराच वेळ वर आलं नाही.